दीदीनं दीदीच राहावं

पत्र:

मॅडम, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी २९ वर्षांची आहे. मिरजेतच नर्सिंग केलं, जर्मन शिकली आणि आता श्टुटगार्टजवळ एका हॉस्पिटलात कामाला आहे. गेल्या वर्षी तिच्या वॉर्डात अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला एक अफगाणी मुलगा होता. पाकिस्तानातल्या क्वेट्यात वाढल्यामुळे त्याला उर्दू येते, आणि वॉर्डात ती समजणारी ही एकटीच. तेव्हापासून तो हिला दीदी म्हणतो. मुलगा सतरा वर्षांचा, एकटाच जर्मनीत पोचलेला. आईवडील आणि नऊ वर्षांची बहीण क्वेट्यात आहेत. थोरला भाऊ वाटेत इराण-तुर्कस्तानच्या सीमेवर चुकला, त्याचा अजून पत्ता नाही. मुलाला गेल्या महिन्यात ‘राहायचा कागद’ मिळाला असं ही म्हणते. येत्या १ जानेवारीला त्याला अठरा पूर्ण होतील. आईचा फोन आला की हल्ली तो फोन उलटा करून ठेवतो, कारण पलीकडून एकच प्रश्न येतो, ‘अजून किती दिवस?’

त्याच्या घरच्यांना बोलावून घ्यायचंच असं हिनं मनावर घेतलंय. कधी म्हणते मीच त्याला दत्तक घेते, कधी म्हणते मी हमी लिहून देते. क्वेट्यातला एक एजंट पैसे मागतोय, त्यातले थोडे आपण पाठवू का म्हणून विचारते. विट्याकडचे आमचे एक पाहुणे म्हणाले, पैसे दुबईमार्गे पोचवतो. पाकिस्तानचं नाव ऐकल्यावर ह्यांनी पुढ्यातलं ताट सरकवलं. ‘आपल्याला काय करायचंय लोकाच्या पोराचं?’ म्हणतात. त्यात आम्ही स्थळं बघतोय, हे कुणाला कळलं तर काय म्हणतील ही धास्ती आहेच. तिच्या व्हिसाला काही होईल का? तिला थांबवू की साथ देऊ?

– एक आई, मिरज

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात मुलाचं पूर्ण नाव होतं, हॉस्पिटलचं नाव होतं आणि सोबत फोटोही होता. ते सगळं मी काढून टाकलंय. लेकीलाही सांगा, त्याचा फोटो किंवा त्याची कहाणी फेसबुकवर, इन्स्टावर टाकू नकोस. हेतू कितीही चांगला असला तरी अशा पोस्ट वाचणाऱ्यांत फक्त दयाळू माणसं नसतात. ‘तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, पैसे पाठवा’ असे फोन घरच्यांना जातात, आणि हरवलेल्या भावाच्या बाबतीत तर ती भीती दुप्पट.

पत्र आलं त्याच दिवशी तुम्हाला दोन ओळींची मेल केली होती, की मुलाला कागद कोणत्या तारखेला मिळाला ते आधी विचारा. त्याचं कारण आता सविस्तर सांगते.

तुमच्या पत्रात सगळं आहे, पण ज्याच्यावर सगळं अडलंय तेच नाही. ‘राहायचा कागद’ म्हणजे नेमका कुठला कागद? जर्मनीत आश्रयाच्या अर्जावर तिथलं केंद्रीय कार्यालय निकाल देतं, त्याला बाम्फ म्हणतात. होकार आला तरी तो एकाच प्रकारचा नसतो. एक असतो पूर्ण निर्वासित दर्जा. दुसरा असतो दुय्यम संरक्षण, जर्मनीत त्याला ‘सुब्झिडिएर’ म्हणतात. परत पाठवलं तर जिवाला गंभीर धोका आहे, एवढंच त्यात मान्य होतं. राहायला, शाळेत जायला दोन्ही कागद चालतात, त्यामुळे पोरांना फरक कळत नाही. आईबापांना आणायचं म्हटलं की मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

निर्वासित दर्जा मिळालेल्या एकट्या अल्पवयीन मुलाला आईवडिलांना बोलावण्याचा हक्क आहे. त्यासाठी घर मोठं पाहिजे, पगार अमुक पाहिजे अशी अट त्याला लागत नाही. सतरा वर्षांच्या पोराकडे कसला आलाय पगार, हे कायद्यालाही कळतं. दुय्यम संरक्षणवाल्यांसाठी ऑगस्ट २०१८ पासून महिन्याला एक हजार व्हिसांची मर्यादा होती, आणि जुलै २०२५ मध्ये जर्मनीनं तो रस्ता दोन वर्षांसाठी बंदच केला. अगदी अपवादात्मक, टोकाच्या अडचणीची प्रकरणं तेवढी वेगळ्या कलमाखाली बघतात. म्हणून लेकीला म्हणावं, निकालपत्राच्या पहिल्या पानावर काय लिहिलंय ते वाच, मग पुढचं बोलू. दुय्यम संरक्षण असेल तर पूर्ण दर्जासाठी कोर्टात दाद मागता येते, पण निकालपत्र हातात पडल्यापासून त्याची मुदत अगदी थोडी असते. ती अजून शिल्लक आहे का, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न.

आता वयाचं. मुलाची जन्मतारीख १ जानेवारी आहे हे वाचून मला हसू आलं, तुम्हालाही येईल. आपल्याकडे एका पिढीत निम्मा गाव १ जूनला जन्मलाय, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. युरोपात पोचलेल्या असंख्य अफगाणी पोरांचं तसंच, फक्त तारीख १ जानेवारी. अफगाणिस्तानातलं ओळखपत्र म्हणजे तजकिरा. जुन्या कागदी तजकिऱ्यावर बऱ्याचदा जन्मतारीख नसतेच, ‘अमुक साली वय इतकी वर्षं’ एवढंच हातानं लिहिलेलं असतं, आणि ते सालही त्यांच्या सौर हिजरी पंचांगातलं. मग नोंद करणारा कारकून वर्ष धरतो आणि १ जानेवारी लावून मोकळा होतो. आपल्याकडे १ जूनमुळे फार तर निवृत्ती थोडी पुढे-मागे झाली. इथं त्या एका तारखेवर आईबाप येणार की नाही हे ठरू शकतं. तेव्हा क्वेट्यात त्याचा तजकिरा, लसीकरणाचं कार्ड, शाळेचा दाखला, जे असेल ते शोधायला सांगा. तारखेत काही खोट असेल तर ती वकिलाला आधीच कळलेली बरी. नंतर दोन कागदांवर दोन तारखा निघाल्या तर मुलगा खोटा ठरतो.

अठरा पूर्ण झाली की दार बंद, असं लेकीला वाटत असेल तर ते अर्धंच खरं आहे. १२ एप्रिल २०१८ ला युरोपीय संघाच्या न्यायालयानं एका इरिट्रियन मुलीच्या प्रकरणात निकाल दिला. ती नेदरलँड्समध्ये एकटी, अल्पवयीन पोचली होती आणि अर्जावर निर्णय होईपर्यंत अठराची झाली. न्यायालय म्हणालं, आश्रयाचा अर्ज केला तेव्हा ती लहान होती ना, मग आईवडिलांच्या बाबतीत ती लहानच धरायची. कार्यालयानं निर्णयाला वेळ लावला त्याचा भुर्दंड मुलीला का? मात्र त्याच निकालात सांगितलं, की दर्जा मिळाल्यापासून साधारण तीन महिन्यांत कुटुंबाला बोलावण्याचा अर्ज गेला पाहिजे. ऑगस्ट २०२२ मध्ये जर्मनीच्या बाबतीतही त्याच न्यायालयानं हीच भूमिका घेतली.

ताई, या तीन महिन्यांसाठीच मी ती घाईची मेल केली. दर्जा गेल्या महिन्यात मिळाला असेल तर घड्याळ चालू झालंय. वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत थांबून चालणार नाही, तिला वर्षाहून जास्त लागल्याची उदाहरणं आहेत. काबूलमधली जर्मन वकिलात २०२१ पासून बंद आहे, अफगाणी कुटुंबांचं काम इस्लामाबाद आणि तेहरानकडून चालतं, आणि तिथं रांग लांब आहे. मुदत पाळायची ती लेखी अर्जानं, पोच ठेवून. तो अर्ज कसा आणि कुणाकडे द्यायचा हे वकील सांगेल. या तीन महिन्यांत तुमच्या लेकीनं बाकी काही केलं नाही आणि एवढं एक तडीला नेलं, तरी त्या पोरावर मोठे उपकार होतील.

अर्ज कोण करणार? ती नव्हे. एकट्या मुलाला जर्मनीत युगेन्डआम्ट, म्हणजे बाल-युवक कल्याण कार्यालय, ताब्यात घेतं आणि कुटुंब न्यायालय त्याला कायदेशीर पालक नेमून देतं. त्याला फोरमुंड म्हणतात. सही त्याची चालते. काही फोरमुंड जीव ओतून काम करतात. काहींच्या टेबलावर इतकी पोरं असतात की याचा चेहराही त्यांना आठवत नसेल. तुमच्या लेकीचं खरं काम इथं आहे. तिनं फोरमुंडची रीतसर वेळ घ्यावी, मुलासोबत जावं आणि विचारावं, कुटुंबाचा अर्ज गेला का, कधी जाणार. जाताना मुलाची संमती घ्यावी, आणि वॉर्डात नर्स म्हणून त्याच्या तब्येतीचं जे कळलं ते तिथं काढू नये. नोकरीला धोका असलाच तर तो याच बाजूनं आहे. बाकी कायद्यात राहून केलेल्या मदतीनं तिच्या व्हिसाला काही होत नाही, निर्धास्त राहा.

वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नका. जर्मन रेडक्रॉसचा शोध विभाग कुटुंब एकत्र आणण्याबाबत फुकट सल्ला देतो. कारितास आणि डियाकोनी या चर्चच्या संस्थांची सल्ला केंद्रंही बऱ्याच शहरांत आहेत. मिशन हॉस्पिटलच्या सावलीत वाढलेल्या मिरजकरांना चर्चची संस्था म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको. तिथं धर्म विचारत नाहीत.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि लेकीला तो कुणी सांगितलेला दिसत नाही. ती नऊ वर्षांची बहीण.

मुलाचा हक्क आईवडिलांपुरता आहे. भावंडांना बोलावण्याचा असा थेट हक्क जर्मन कायदा देत नाही. बहीण यायची ती आईबापांची मुलगी म्हणून, त्यांच्या परवान्याच्या आधारानं. आणि तिथं मघाची माफ केलेली अट परत उभी राहते, घर पुरेसं आहे का, खर्च भागतो का. सहा वर्षांवरच्या माणसामागे साधारण १२ चौरस मीटर जागा धरतात. क्वेट्यातून अजून न आलेल्या बापानं श्टुटगार्टसारख्या शहरात घर दाखवायचं कसं? मग होतं असं, की वकिलात आईवडिलांना व्हिसा देते आणि पोरीला नाही. त्या दोघांनी ठरवायचं, मुलाकडे जायचं की मुलीजवळ राहायचं. पुष्कळ घरांत बाप येतो आणि आई मागे राहते, म्हणजे एक ताटातूट मिटवायला दुसरी करायची.

यावर हमखास उपाय नाही, पण तयारी करता येते. तिघांचे अर्ज एकत्रच द्यावेत, ‘आधी आम्ही, मग ती’ असं करू नये. मुलाला सरकारी निवाऱ्याऐवजी भाड्याचं घर मिळण्याची शक्यता असेल तर त्याची खटपट आत्तापासून करावी. इथं तुमच्या लेकीची ओळखपाळख, तिचं जर्मन, घरमालकाशी बोलायची तिची हातोटी कामी येईल. वकिलाला आणखी एक निकाल दाखवायला सांगा, ३० जानेवारी २०२४ चा, त्याच युरोपीय न्यायालयाचा. ऑस्ट्रियातल्या एका सीरियन मुलाची मोठी बहीण सेरेब्रल पाल्सीमुळे पूर्णपणे आईवडिलांवर अवलंबून होती. तिला सोडून ते येऊच शकत नव्हते. न्यायालयानं सांगितलं, मग तिलाही येऊ द्या, नाहीतर मुलाच्या हक्काला अर्थ काय उरला. तुमच्या प्रकरणातली बहीण आजारी नाही, निकाल जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणत नाही. पण नऊ वर्षांची मुलगी एकटी क्वेट्यात ठेवा म्हणणं कुठल्या तर्कात बसतं, हे विचारायला त्या निकालानं वकिलाच्या हातात काहीतरी येतं.

पाकिस्ताननं २०२३ च्या ऑक्टोबरपासून अफगाणी लोकांना परत पाठवायची मोहीम काढलीय, हेही ध्यानात घ्या. आईवडिलांचे तिथले कागद संपत आलेत का हे विचारायला हवं. उद्या त्यांना सीमेपलीकडे ढकललं तर इस्लामाबादची मुलाखत कशी गाठणार? तारीख सुटली तर ते वकिलातीला लगेच, लेखी कळवायचं.

कागदांची तपासणी, चौकशी, डीएनए चाचणी, हे सगळं ऐकून लेक चिडेल. चिडू दे. मी काही वर्षं बालकल्याण समितीच्या कामाशी जोडलेली होते. मिरज जंक्शनवर उतरलेली, चुकलेली, पळून आलेली किती पोरं आमच्यापुढं यायची. कायद्यानं अशा मुलाला २४ तासांच्या आत समितीपुढं आणावं लागतं, आणि पुढं घर सापडलं तरी लगेच सोडता येत नाही. त्या जिल्ह्यातल्या बाल संरक्षण कक्षानं घरी जाऊन बघायचं, अहवाल धाडायचा, मग निर्णय. आपल्याच देशात, आपल्याच रेल्वेनं आलेल्या बिहारच्या पोराला घरी पोचवायला महिने लागतात. एकदा एक गृहस्थ मिठाईचा पुडा घेऊन आला, ‘मी मामा’ म्हणाला. पोरगं बोलेना, नुसतं टेबलाच्या कडेला धरून उभं. आईला फोन लावल्यावर कळलं, तिला भाऊच नाही. तेव्हापासून मला चौकशीचा राग येत नाही. उशीर करणाऱ्या बाबूचा येतो, तो वेगळा.

अफगाणी कागदांवर जर्मन कार्यालयं सहज विसंबत नाहीत, म्हणून नात्याच्या पुराव्यासाठी डीएनए चाचणीची वेळ येऊ शकते. ती ऐच्छिक असते. एक नाजूक गोष्ट मात्र लेकीनं कानावर घालून ठेवावी. लढाईत मेलेल्या नातेवाइकाचं लेकरू आपलं म्हणून वाढवणं तिकडं नवल नाही. त्या घरात असं काही असेल तर ते वकिलाला आधी सांगायचं. प्रयोगशाळेच्या अहवालातून कळण्यात मुलाचा जीव जाईल.

एजंटाचं एका वाक्यात सांगते, एक रुपयाही नाही. वकिलातीच्या यादीत नाव घालायला पैसे पडत नाहीत, तेव्हा ‘तारीख काढून देतो’ म्हणणारा फसवतोय. आणि ‘रस्त्यानं पोचवतो’ म्हणणारा तस्कर आहे. त्याला मदत करणं जर्मनीत गुन्हा आहे, आणि तेव्हा मात्र तिचा व्हिसा, नोकरी सगळं खरोखर पणाला लागेल. शिवाय ज्या वाटेवर थोरला मुलगा हरवला त्याच वाटेवर नऊ वर्षांची पोर घालायची का, हे त्या बापालाही कुणीतरी विचारायला हवं. विट्याच्या पाहुण्यांना हात जोडून नको म्हणा. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातली माणसं देशभर विश्वासावर सोनं-चांदी फिरवतात हे मला ठाऊक आहे, पण मिरजेतून दुबईमार्गे पाकिस्तानात पैसा म्हणजे हवाला. ‘पोराच्या आईसाठी पाठवले’ ही सबब तपास करणाऱ्यांपुढं टिकणार नाही. या बाबतीत तुमच्या यजमानांनी ताट सरकवलं ते योग्यच केलं.

हमीचंही तितकंच ठाम. जर्मनीत एक हमीपत्र असतं, त्यावर सही करणारा त्या माणसाच्या राहण्या-खाण्याच्या खर्चाला पाच वर्षं बांधला जातो. पुढं त्या माणसाला निर्वासित दर्जा मिळाला तरी पाच वर्षं संपेपर्यंत ही जबाबदारी सुटत नाही, सरकार खर्च वसूल करू शकतं. भल्या भावनेनं सही करून कर्जात गेलेली जर्मन माणसंही आहेत. एकट्या नर्सच्या पगारात तिघांचा पाच वर्षांचा खर्च कसा बसवणार? आणि मुलाला पूर्ण दर्जा असेल तर आईवडिलांसाठी ते हमीपत्र लागतच नाही. कुणी पुढं केलंच तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही.

दत्तकाचा विचार मात्र तिच्या डोक्यातून काढायलाच हवा. पोराला आई आहे, बाप आहे. तो सारा हक्क उभा आहे तो ‘हा त्यांचा मुलगा’ या नात्यावर, आणि आपण तेच नातं कागदावरून पुसायला निघालो तर आईबापांनी यायचं कशाच्या जोरावर? तो तिला दीदी म्हणतो. किती शहाणं पोर आहे बघा, नातं त्यानं अगदी बरोबर लावलंय. आई जिवंत असताना दुसरी आई त्याला नकोय. तिला रीतसर काही करायचं असेल तर युगेन्डआम्टकडे जाऊन मार्गदर्शक म्हणून नाव नोंदवता येतं. पोलिसांकडचं चारित्र्य प्रमाणपत्र द्यावं लागेल, थोडं प्रशिक्षण असेल. त्यानं तिला दर आठवड्याला त्याला भेटायचा अधिकृत आधार मिळेल, आणि लोकांच्या तोंडालाही परस्पर कुलूप लागेल.

अठरा पूर्ण झाल्यावर फोरमुंड जातो, पण बाल-युवक कल्याणची मदत एकविसाव्या वर्षापर्यंत पुढं चालू ठेवायची सोय आहे. त्यासाठी मुलानं स्वतः अर्ज करायला हवा, आणि तो डिसेंबरच्या आत. आईवडिलांच्या नादात हे राहून जातं आणि २ जानेवारीला पोरगं वसतिगृहातून निवाऱ्यात जातं.

थोरल्या भावासाठी वेगळी वाट आहे. जर्मन रेडक्रॉसच्या त्याच शोध विभागात त्याची नोंद करायची. युरोपातल्या रेडक्रॉस संस्था ‘ट्रेस द फेस’ नावाच्या संकेतस्थळावर शोधणाऱ्याचा फोटो लावतात, हरवलेल्याचा नाही. त्याखाली नाव नसतं, ‘मी माझ्या भावाला शोधतोय’ एवढंच. भाऊ कुठल्या छावणीत बसून ते चाळत असेल तर त्यानं ओळखायचं. सापडला तरी त्याच्या संमतीशिवाय पत्ता देत नाहीत. पैसे पडत नाहीत. क्वेट्यातून आईवडिलांनीही तिथल्या रेड क्रेसेंटकडे, म्हणजे रेडक्रॉसच्याच तिकडच्या संस्थेकडे, नोंद करावी, दोन्हीकडचे धागे जुळायला मदत होते.

आता यजमानांकडे वळते. ‘आपल्याला काय करायचंय लोकाच्या पोराचं’ असं त्यांना वाटणं मी समजू शकते, एकुलती लेक परदेशात आणि वर हे. त्यांना एवढंच विचारा, मिरज-कोल्हापूर पॅसेंजरनं जाताना वळिवडे स्टेशन लागतं, तिथं १९४३ ते १९४८ कोण राहत होतं? सुमारे पाच हजार पोलिश माणसं, त्यांतली बहुतेक बायका आणि पोरं. सोव्हिएत रशियानं त्यांना घरातून उचलून सैबेरिया, कझाकस्तानकडे नेलं होतं. तिथून सुटून ती इराणमार्गे हिंदुस्थानात आली. रेल्वेनं कोल्हापूरला जायचं तर मिरजेवाचून वाट नाही, म्हणजे ती सगळी पोरं आपल्या मिरजेवरूनच गेली. त्यांतल्या आजारी मुलांना पाचगणीच्या हवेत ठेवलं होतं. बाप, भाऊ लांब इटलीत पोलिश फौजेतून लढत होते. लढाई संपल्यावर ज्यांचा माणूस त्या फौजेत होता त्यांना त्याच्याकडे इंग्लंडला जाता आलं, आणि ज्यांचं असं कुणी नव्हतं त्यांची जगभर पांगापांग झाली. तेव्हाही सारं एका कागदावर अडलं होतं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, आणि वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं. तेव्हा वळिवड्याच्या लोकांनी त्या पोरांना दत्तक घेतलं नव्हतं की त्यांची हमी घेतली नव्हती. ती आपापल्या माणसांकडे जाईपर्यंत शेजार दिला. लेकीला त्याहून जास्त करायची गरज नाही, आणि यजमानांनाही त्याहून जास्त पचवायची.

एक गोष्ट लेकीला आधीच सांगून ठेवा, म्हणजे पुढं तिचा भ्रमनिरास होणार नाही. आईवडील आले की सगळं गोड होतं असं नाही. मुलानं तीन-चार वर्षं स्वतःचे निर्णय स्वतः घेतलेले असतात. बापाला भाषा येत नाही, प्रत्येक कार्यालयात मुलगा दुभाष्या. घरातला कर्ता कोण यावरून धुसफूस सुरू होते. वसतिगृहातली खोली सोडून तो आईबापांबरोबर सरकारी निवाऱ्यात राहायला जातो, आणि शिकायचं सोडून कमवायला लागतो, कारण आईबाप त्याच्या जिवावर आलेत असं त्याला वाटतं. त्याची शाळा, त्याचं प्रशिक्षण सुटू न देणं हे दीदीचं काम. ते कागदांपेक्षा जास्त काळ चालेल.

आणि तो उलटा ठेवलेला फोन. पोराला आईचा कंटाळा आलेला नाही. तिला सांगण्यासारखं त्याच्याकडं काही नाही म्हणून तो फोन उचलत नाही. फोरमुंड किंवा सल्ला केंद्रातल्या माणसानं एकदा दुभाष्या घेऊन क्वेट्याला फोन लावावा आणि किती काळ लागतो, काय होऊ शकतं, काय होणार नाही हे आईवडिलांना स्वतः सांगावं. बातमी वाईट असली तर ती त्या मुलाच्या तोंडून जाऊ नये. ‘वर्षात आणते’ असं तुमच्या लेकीनंही चुकून म्हणू नये.

स्थळांचं म्हणाल तर, हे ऐकून जो मुलगा मागं फिरेल त्याच्या घरी ती सुखी होणार नव्हतीच. बघायला येणाऱ्यांना तुम्हीच आधी सांगून टाका.

तर थांबवू नका. पण आज रात्री तिचा फोन आला की आधी निकालपत्राची तारीख आणि प्रकार विचारून घ्या, आणि मला कळवा. दुय्यम संरक्षण निघालं तर वरचं निम्मं उत्तर बदलेल, मग मी तुम्हाला वेगळं लिहीन.